‘बनगरवाडी’ वर्गात शिकवताना: आधी घडण, मग गाव

टीवायबीएच्या वर्गात कादंबरी सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात प्रश्न येतो, "मॅडम, यातलं परीक्षेला काय?" मुलांना हवं असतं कथासार, चार स्वभावचित्रं आणि ‘ग्रामीण जीवनाचे दर्शन’ या मथळ्याखाली पाठ करता येतील असे मुद्दे. हे सगळं बाजारातल्या गाईडात छापलेलं मिळतं आणि ते वाचून पास होता येतं. कादंबरी मात्र वाचायची राहून जाते. धनगरांच्या वाडीवर शिकवायला आलेला मास्तर जिची गोष्ट सांगतो ती व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ मी रूपवादी पद्धतीने, म्हणजे आशयाआधी पुस्तकाची घडण पाहत, शिकवते ती एवढ्याचसाठी. ही पद्धत मुलांना छापील पानापासून हलू देत नाही. ‘काय सांगितलं’ याच्या आधी ती ‘असंच का सांगितलं’ हे विचारायला लावते, आणि त्याचं उत्तर पुस्तक उघडल्याशिवाय देताच येत नाही.

मुंबईत शिकवताना याला आणखी एक कारण जोडलं जातं. माझ्या वर्गातली मुलं दिवा, बदलापूर, भांडुप, विक्रोळी इथून येतात. बहुतेकांचं गाव कोकणात, गणपतीत आणि मे महिन्यात जायचं. माणदेश कुणी पाहिलेला नसतो, आणि मेंढरांचा कळप पाहिलाच असेल तर एसटीच्या खिडकीतून. एखाद्या वर्षी आटपाडी-म्हसवडकडचा एखादा मुलगा वर्गात असतो. मग सगळे त्याच्याकडे वळून विचारतात, "हे खरंच असं असतं का रे?" त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं जातं आणि बाकीचे प्रेक्षक होऊन बसतात. पुस्तकाच्या घडणीविषयी बोलायला लागलं की हे चित्र पालटतं. ज्याच्या आजोबांची मेंढरं होती त्याच्यापुढे आणि जिचं सगळं आयुष्य चाळीत गेलं तिच्यापुढे पान तेच असतं. पुरावा पानावरच शोधायचा असतो आणि तो दोघांना सारखाच उपलब्ध असतो.

शिकवणाऱ्याची तयारी

स्वतः थोडं वाचून ठेवा, पण ते पहिल्या दिवशी फळ्यावर उतरवू नका. रशियन रूपवादाची सुरुवात १९१५ मध्ये मॉस्कोत आणि १९१६ मध्ये पेट्रोग्राडमध्ये जमलेल्या तरुण अभ्यासकांच्या दोन गटांतून झाली. व्हिक्टर श्क्लोव्हस्कीचा कलेकडे तंत्र म्हणून पाहणारा निबंध १९१७ चा. सवयीमुळे आपल्याला वस्तू दिसेनाशा होतात आणि कला त्या पुन्हा दिसू लागतील अशा अनोळखी करून दाखवते, हे त्यातलं मुख्य म्हणणं. मराठीत आपण त्याला अपरिचितीकरण म्हणतो. त्याने दिलेलं टॉलस्टॉयच्या गोष्टीचं उदाहरण वर्गात फार उपयोगी पडतं. त्या गोष्टीचा बराचसा भाग एक घोडा सांगतो, आणि माणसं जमिनीला, प्राण्यांना, दुसऱ्या माणसांना ‘माझं’ का म्हणतात हे त्याला काही केल्या कळत नाही. याशिवाय बोरिस तोमाशेव्हस्कीने १९२५ मध्ये केलेली आशयबीजांची, म्हणजे कथेतल्या लहान लहान घटकांची, विभागणी माहीत असावी: काढून टाकलं की घटनांची साखळी तुटते ते बद्ध आशयबीज, काढलं तरी साखळी शाबूत राहते ते मुक्त.

अमेरिकन नवसमीक्षा हा वेगळा प्रवाह आहे आणि आपल्याकडच्या नोट्समध्ये तो रशियनांबरोबर एकाच डब्यात भरला जातो. विम्सॅट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ मध्ये लेखकाच्या हेतूवरून साहित्यकृतीचा निवाडा करण्याला आक्षेप घेतला. क्लिअन्थ ब्रुक्सने १९४७ मध्ये कवितेचा गद्य सारांश म्हणजे कविता नव्हे हे ठासून मांडलं. ही माणसं मुख्यतः कवितेवर काम करत होती. त्यांच्याकडून शिस्त घ्यावी, हत्यारं मात्र रशियनांची घ्यावीत असं माझं मत आहे. कादंबरीसारख्या लांब, सैल, प्रसंगांनी भरलेल्या प्रकाराला तीच जास्त लागू पडतात.

आणि बा. सी. मर्ढेकरांना विसरू नका. संवाद (इथे बोलणं नव्हे, मेळ), विरोध आणि समतोल ही त्यांची लयतत्त्वं ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये आहेत. मुलं त्यांना फक्त कवी म्हणून ओळखतात. लय ही कल्पना कादंबरीलाही लावता येते हे कळल्यावर त्यांना आपल्या भाषेतला एक मोठा विचारवंत भेटतो. रशियन नावांच्या गर्दीत ही भेट चुकू नये.

पहिली तासिका: नाव झाकलेलं पान

आय. ए. रिचर्ड्स केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवीचं नाव न सांगता कविता वाचायला द्यायचा आणि त्यांच्या प्रतिक्रिया लिहून घ्यायचा. त्यावरचं त्याचं पुस्तक १९२९ चं. तीच रीत मी वापरते. कादंबरीच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, वर नाव नाही, लेखक नाही. पुस्तक नेमलेलं असल्यामुळे काही जण ओळखतात, पण तरीही उपयोग होतो, कारण सूचना एकच असते: प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा आणि ती क्रिया कोण करतंय ते समासात लिहा.

एक माणूस एकटा, पायी, न पाहिलेल्या गावाच्या वाटेला लागलेला आहे एवढंच त्या पानातून हाती येतं. त्याच्या पायाखाली आणि डोळ्यांपुढे जे येईल तेवढंच जग आपल्याला मिळतं. गावाचा इतिहास, लोकसंख्या, पीकपाणी यातलं काही आधी सांगितलेलं नाही. हे मुलांच्या लक्षात आलं की विचारा, "लेखकाला ही माहिती नव्हती का? मग का दिली नाही?" वर्ग थोडा वेळ गप्प राहील. राहू द्या. लगेच उत्तर सांगायचा मोह आवरा, कारण पुढच्या सगळ्या तासिका याच प्रश्नावर उभ्या राहणार आहेत.

याच दिवशी मी काही शब्दप्रयोगांवर बंदी घालते: ‘लेखकाला असे सांगायचे आहे की’, ‘मातीचा सुगंध’, ‘वास्तववादी चित्रण’, ‘हुबेहूब’. बंदी सत्र संपेपर्यंत. त्याऐवजी वाक्य ‘या पानावर’ या शब्दांनी सुरू करायचं. सुरुवातीला मुलं अडखळतात, नंतर एकमेकांना टोकायला लागतात.

दुसऱ्या दिवशी पुस्तक बाजूला ठेवून एक छोटा लेखी सराव घ्यावा. सकाळी आठच्या सुमाराला दादरच्या पुलावर तुम्ही उभे आहात, पण लोकल ट्रेन ही गोष्ट तुम्ही कधी पाहिलेली नाही. ‘गाडी’, ‘गर्दी’, ‘स्टेशन’, ‘प्लॅटफॉर्म’ हे शब्द न वापरता दहा ओळी लिहा. रोज दरवाज्यात लटकून येणारा मुलगा लिहितो की लोखंडाची एक लांब खोली येऊन थांबली, तिच्यातून माणसं सांडली आणि तितकीच पुन्हा आत ओढली गेली. दुसरी लिहिते, सगळे एकमेकांना इतके चिकटून उभे आहेत, पण कुणी कुणाशी बोलत नाही. हे वाचून झाल्यावर अपरिचितीकरण हा शब्द फळ्यावर लिहा. आता तो शब्द मुलांनी स्वतः केलेल्या कामाचं नाव असतो, पाठ करायची व्याख्या नसते. मग ‘बनगरवाडी’कडे परत या. मास्तर वाडीत नवा आहे, मेंढपाळांच्या जगाचे नियम त्याला ठाऊक नाहीत, म्हणून साध्यासुध्या गोष्टीही त्याला थांबून पाहाव्या लागतात आणि त्याच्याबरोबर आपल्यालाही. कथनकर्ता धनगर असता तर यातलं कितीतरी सांगायची गरजच त्याला वाटली नसती.

चिठ्ठ्या

आता पुस्तक घरी पूर्ण वाचून यायला सांगा. कादंबरी लहान आहे, गणपतीच्या सुट्टीत सहज होते. प्रती मिळायला त्रास होत नाही. दादरच्या ग्रंथसंग्रहालयात पाहावं, फोर्टच्या फुटपाथवर कधीकधी जुनी आवृत्ती हाती लागते. मोबाईलवरची पीडीएफ मी चालू देत नाही, कारण समासात पेन्सिलीने लिहायचं असतं.

वर्गाचे पाच-पाच, सहा-सहा जणांचे गट करा आणि प्रत्येक गटाला कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा द्या. एका चिठ्ठीवर एकच घटना. ‘मास्तर वाडीत येतो.’ ‘रामा साठवलेले राणीछाप रुपये मोडून आणायला देतो.’ ‘अंजी चोळी शिवून आणायला सांगते.’ ‘कारभाऱ्याचं मन बिघडतं.’ ‘शेकूची बायको बैलाच्या जोडीला जू खांद्यावर घेते.’ ‘तालीम बांधली जाते.’ ‘कारभारी मरतो.’ ‘दुष्काळ पडतो.’ अशा पंचवीसेक होतात. बाकं सरकवून त्या जमिनीवर मांडायच्या आणि मग एकेक चिठ्ठी उचलून विचारायचं: ही काढली तर दुसरी कुठली पडते?

चोळीची चिठ्ठी काढली की कारभाऱ्याच्या रागाची पडते. कारभारी म्हणजे वाडीचा म्होरक्या, अंजी त्याची मुलगी. त्या चोळीचं निमित्त होतं, नाही ते बोललं जातं आणि गावात मास्तरचा सगळ्यात मोठा आधार असलेला म्हातारा त्याच्यावर उलटतो. साखळी स्पष्ट दिसते. हे बद्ध आशयबीज.

आता शेकूच्या बायकोची चिठ्ठी उचला. शेकूकडे एकच बैल आहे, नांगरायला जोडी हवी, म्हणून ती बाई दुसऱ्या बैलाच्या जागी स्वतः उभी राहते. वाचणारा हा प्रसंग आयुष्यभर विसरत नाही. पण चिठ्ठी काढून घेतली तर पुढचं काहीच पडत नाही. घटनांची साखळी होती तशी राहते. इथे वर्ग हमखास दुभंगतो. काही जण म्हणतात, मग हा प्रसंग अनावश्यक आहे. काही जण चिडतात, म्हणतात की हाच तर सगळ्यात महत्त्वाचा आहे. भांडू द्या. एवढं मात्र पाहा की कुणी ‘यातून स्त्रीचे कष्ट दिसतात’ एवढ्यावर सुटत नाही. कष्ट दिसतात हे खरं, पण ते दाखवणारे इतर शंभर प्रसंग असू शकतात. हाच का, आणि इथेच का?

एका मुलीने वर्गात दिलेलं उत्तर मला अजूनही सगळ्यात नेमकं वाटतं. ती म्हणाली, इथे माणूस आणि जनावर एकाच जुवाखाली येतात, म्हणून शेवटी मेंढरं मरायला लागतात तेव्हा माणसं वाडी का सोडतात हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. म्हणजे ही चिठ्ठी घटनेने नाही, पण साम्याने पुढच्या चिठ्ठीला बांधलेली आहे. मुक्त आशयबीजाचं काम याहून चांगल्या शब्दांत मी सांगू शकले नसते. तोमाशेव्हस्कीचं नाव मी यानंतर घेते.

बद्ध आणि मुक्त अशा दोन ढिगाऱ्यांत चिठ्ठ्या लावून झाल्या की मुक्तांचा ढीग मोठा झालेला दिसतो. ‘या कादंबरीला कथानक नाही’ असं जे म्हटलं जातं त्याचा अर्थ मुलांना स्वतःच्या हाताने मोजता येतो. कथानक नसणं ही उणीव नसून तीच या पुस्तकाची रचना आहे, हे मग शिक्षकाने पटवून द्यावं लागत नाही. या कामाला दोन सलग तासिका लागतात. अठ्ठेचाळीस मिनिटांत ते कोंबू नका. सहकाऱ्याची तासिका मागून घ्या, पण जमिनीवरच्या चिठ्ठ्या अर्ध्यात गोळा करायची वेळ आणू नका.

कथनकर्ता मास्तरच का?

मला स्वतःला या अभ्यासात सगळ्यात प्रिय असलेला प्रश्न हा आहे. रूपवादी ज्याला प्रयोजन म्हणतात, म्हणजे एखादी युक्ती कथेत सहज वाटावी म्हणून तिला दिलेलं कारण, ते समजावायला याच्याइतकं सरळ उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

गटांना एकच प्रसंग नव्याने लिहायला सांगा, फक्त सांगणारा बदलून. एका गटाला तलाठी, एकाला वाडीतलाच एक मेंढका, एकाला औषधं घेऊन फिरणारा वैदू, एकाला चोरी करणारा आनंदा रामोशी. पानभर पुरे. वाचून दाखवताना प्रत्येक गट कुठे अडतो ते नीट ऐका. तलाठ्याचा गट अडतो, कारण त्याच्यापुढे लोक खरं बोलत नाहीत. मेंढक्याचा गट अडतो, कारण तो दिवसभर रानात असतो, दुसऱ्यांच्या घरात काय चाललंय ते त्याला दिसत नाही. वैदू आज आला, उद्या गेला. आनंदाला दारं बंद.

आता मास्तर पाहा. तो परका आहे, म्हणून नव्याने पाहतो. तो वाडीतच राहतो, म्हणून ऋतू पालटताना पाहतो. आणि त्याला लिहिता-वाचता येतं, म्हणून प्रत्येकाला कधी ना कधी त्याच्याकडे यावंच लागतं: पत्र वाचून घ्यायला, अर्ज लिहून घ्यायला, पैसे मोडून आणायला, बाजारातून काही मागवायला. त्याला कुणाच्या घरात डोकवावं लागत नाही, घरंच चालत त्याच्यापर्यंत येतात. शाळा हे कादंबरीतलं ठिकाण आहेच, पण त्याहून आधी ती सगळ्या प्रसंगांना आत घेणारं दार आहे. मुलं एकदा हे पाहतात आणि मग दुसऱ्या कादंबऱ्यांतही विचारू लागतात की हा सांगणारा नेमका इथे कसा आणि त्याला हे कळलं कसं. एवढी एक सवय लागली तरी सत्र सार्थकी लागलं असं मी मानते.

याच टप्प्यावर मास्तरच्या ‘मी’कडे लक्ष वेधा. तो स्वतःविषयी फार कमी बोलतो. त्याचं नाव राजाराम आहे, पण वाडीला तो फक्त मास्तर. मुलांना असा एखादा उतारा शोधायला सांगा जिथे त्याला नक्की काहीतरी वाटलं असणार, पण सांगितलेलं नाही. उतारा सापडला की त्यात त्याच्या भावनेचं एक वाक्य घालून मोठ्याने वाचायला लावा. वाक्य कितीही चांगलं असलं तरी ते तिथे खुपतं. का खुपतं हे शोधताना वर्ग लेखकाची शैली शिकतो. याला ‘संयमित शैली’ असं लेबल लावून पुढे जायची घाई करू नये.

भाषेची तासिका मी तुलनेने लवकर आटोपते, पण एक गोष्ट सोडत नाही. निवेदन प्रमाण भाषेच्या जवळचं आहे आणि संवाद माणदेशी बोलीत. दोन मुलांना उभं करून एकाला निवेदन, दुसऱ्याला संवाद वाचायला सांगा. कानाला ती रेघ ऐकू येते. मास्तर त्या रेघेवर उभा आहे, ऐकतो एका भाषेत आणि सांगतो दुसऱ्या भाषेत. तो वाडीचा किती झाला आणि किती नाही, याचं उत्तर एखाद्या प्रसंगापेक्षा या रेघेतून जास्त मिळतं.

लय फळ्यावर

फळ्यावर एक आडवी रेघ काढा, डावीकडे मास्तरचं येणं, उजवीकडे त्याचं जाणं. आता चिठ्ठ्या त्या रेघेवर क्रमाने लावा आणि प्रत्येक टप्प्याला वाडीतली माणसं एकमेकांच्या जवळ येतायत की लांब जातायत एवढंच विचारा. पूर्वार्धात एकेक माणूस जमा होत जातो. तालीम बांधण्यात सगळा गाव एकत्र राबतो आणि संस्थानचे राजे स्वतः येतात, तिथे ही जमवाजमव शिगेला पोहोचते. त्यानंतर ओघ उलटतो. माणसं गळू लागतात, दुष्काळात मेंढरं जातात, घरं रिकामी होतात.

इथे मर्ढेकरांची तीन नावं द्या. कुणीतरी मास्तरकडे काहीतरी आणून देतो, मास्तर ते वाडीबाहेर नेतो आणि बदलून परत आणतो: रुपयांत तेच, चोळीत तेच. हा संवाद. जमणं आणि पांगणं हा विरोध. सुरुवातीची एकट्याची वाट आणि शेवटची एकट्याची वाट यांत समतोल. मुलं वाद घालतील की शेवटी तोल साधतो की बिघडतो. माझ्या मते बिघडतो, कारण येताना गाव पुढे होतं आणि जाताना मागे काहीच उरलेलं नाही. पण वर्गात मी माझं मत सगळ्यात शेवटी सांगते.

मग औंध

घडणीचं काम झाल्यावरच मी इतिहासाचं दार उघडते. रूपवादावरचे आक्षेप खरे आहेत आणि ते मुलांपासून लपवू नयेत. रशियन क्रांतीचा नेता ट्रॉट्स्कीने १९२३-२४ च्या सुमारासच रूपवाद्यांवर टीका केली होती की शब्दांची मोजदाद गरजेची असली तरी तेवढ्याने कलेचा समाजाशी असलेला संबंध उलगडत नाही.

म्हणून आता सांगावं की ही वाडी औंध संस्थानातली. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे कट्टर प्रचारक होते, त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. १९३९ च्या सुमारास संस्थानात गांधीजींच्या सल्ल्याने ग्रामपंचायतींवर आधारलेली स्वराज्याची घटना लागू झाली. माडगूळकर १९२७ साली याच संस्थानातल्या माडगुळ्यात जन्मले, आणि कादंबरी १९५५ ची, म्हणजे संस्थान विलीन झाल्यानंतरची. हे ऐकल्यावर मुलं तालमीच्या चिठ्ठीकडे पुन्हा पाहतात. व्यायामाची आवड असलेला राजा, गावाने मिळून केलेलं काम, आणि जे राज्य आता उरलेलं नाही त्याची आठवण. हीच माहिती पहिल्या दिवशी दिली असती तर ‘पार्श्वभूमी’ म्हणून वहीत उतरली असती आणि तिथेच राहिली असती. आता ती रचनेतल्या एका नेमक्या जागी येऊन बसते.

दुसरा प्रश्न जास्त कठीण आहे आणि तो टाळू नका. चिठ्ठ्यांच्या खेळात आनंदा रामोश्याचं ‘कार्य’ आपण शांतपणे ठरवलेलं असतं: चोरी करणारा. पण चोरीचं कार्य रामोश्याच्याच वाट्याला का आलं? ब्रिटिशांच्या कायद्याने अख्ख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, आणि रामोशी समाज आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. कादंबरी त्या शिक्क्याला मान्यता देते की आनंदाला माणूस म्हणून उभं करून तो पुसते? याचं उत्तरही मी पानावरच शोधायला लावते: त्याच्या बोलण्याला किती जागा मिळाली आहे, त्याच्याविषयी मास्तर कुठली विशेषणं वापरतो, ती पुढे बदलतात का. वर्गात विमुक्त समाजातली मुलं असू शकतात. त्यांच्याकडे वळून ‘तुझं काय मत’ असं कधीही विचारू नका. बोलावंसं वाटलं तर ती आपणहून बोलतात.

परीक्षा

विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेत ‘ग्रामीण जीवनाचे चित्रण’ येणारच, आणि मुलांना गुण हवेत यात काही गैर नाही. मी सांगते की मुद्दे नेहमीचेच ठेवा, पण प्रत्येक मुद्द्याखाली पुस्तकातली एक नेमकी जागा द्या आणि ती दुसऱ्या एका जागेशी जोडा. अंतर्गत परीक्षेत मात्र प्रश्न माझा असतो. न शिकवलेला एक उतारा देते आणि विचारते: यातून एक वाक्य काढून टाकायचं झालं तर कुठलं काढाल, आणि काढल्यावर काय हरवेल? दहा गुणांतले चार उताऱ्यातल्या शब्दांचा आधार घेण्याला, चार तो उतारा कादंबरीतल्या दुसऱ्या जागेशी जोडण्याला, दोन मांडणीला. कुठलं वाक्य निवडलं याला गुण नाहीत. हे आधीच जाहीर करावं, म्हणजे बरोबर वाक्य कुठलं ते एकमेकांना विचारण्यात मुलांचा वेळ जात नाही.

तुमच्याकडे ‘बनगरवाडी’ नेमलेली नसेल तर पद्धत थोडी बदलून घ्या. भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’ला चिठ्ठ्यांपेक्षा निवेदनाचे प्रकार वेगळे करण्याचा सराव चांगला, कारण तिथे डायरीसुद्धा निवेदनात येते. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ‘करमणूक’ या साप्ताहिकातून क्रमशः आली होती, त्यामुळे प्रकरणांचे शेवट तपासणं फलदायी ठरतं. मात्र ती मोठी आहे. सगळी वाचून घ्यायचा हट्ट असेल तर जूनपासूनच प्रकरणं वाटून द्या, नाहीतर सलग तीन प्रकरणं निवडा आणि तेवढ्यांवरच हे सगळं काम करा.